वगारीचं दूध आधी कळेल का?



गटाचं कर्ज काढून वगार घेतली, तर ती किती दूध देईल हे कधी कळतं? ती व्यायल्यावर. मुऱ्हा म्हैस पहिल्यांदा विते ती साधारण साडेतीन-चार वर्षांची झाल्यावर. तोवर चारा, पेंड, औषधपाणी आणि हप्ते चालूच. रेड्याचं आणखी अवघड. त्याच्या मुली व्यायल्या, त्यांचं दूध मोजलं, की मग त्याची पारख.

ही पारख रेडकू लहान असतानाच व्हावी म्हणून म्हशीचा जीनोम वाचला जातोय. जीनोम म्हणजे शरीर कसं घडायचं याची पेशीपेशीत लिहून ठेवलेली वही. म्हशीच्या वहीत अडीचशे कोटींहून जास्त अक्षरं आहेत. ती एका दमात वाचता येत नाही. तुकडे वाचायचे आणि जुळवायचे.

समजा, भजनाच्या वहीचे बारीक तुकडे झाले. ज्या तुकड्यावर नुसतं धृपद आहे, तो कुठल्या कडव्यानंतरचा हे कसं सांगणार? धृपद तर सगळीकडे तेच. जीनोममध्येही तीच तीच अक्षरं पुन्हा येतात. म्हणून आधीच्या वह्यांत बऱ्याच जागा कोऱ्या राहिल्या. पुढे लांब तुकडे वाचणारी यंत्रं आली. लांब तुकड्यावर धृपदासोबत कडवंही येतं आणि जागा सापडते. २०१९ साली इटलीतल्या ऑलिंपिया नावाच्या म्हशीची वही अशी जुळवून प्रसिद्ध झाली. तिच्यात कोऱ्या जागा उरल्या फक्त ३८३.

पण आपल्या गोठ्यात मुऱ्हा, पंढरपुरी, नागपुरी, मराठवाडी. गायीच्या वहीवरही भागत नाही. गायीत गुणसूत्रांच्या ३० जोड्या, आपल्या म्हशीत २५. म्हणून गुजरातमधल्या आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने मुऱ्हा म्हशीची वही जुळवली. प्रत्येक जनावरात दोन वह्या असतात, एक आईची आणि एक बापाची. त्यांचे तुकडे मिसळले की घोळ होतो. मंडळाने मुलीबरोबर तिच्या आईबापांचीही अक्षरं वाचली, त्यामुळे कुठला तुकडा कुणाचा हे वेगळं काढता आलं.

या कामाचा उपयोग आता आपल्या दारापर्यंत येतोय. ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशीममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते गायींसाठी गौचिप आणि म्हशींसाठी महिषचिप सुरू झाली. ही चिप जनावराच्या जीनोममधल्या निवडक हजारो जागा तपासते. अक्षरं कळली, तरी कुठलं अक्षर जास्त दुधाचं हे चिपला कोण सांगणार? ते कळतं गोठ्यातल्या नोंदींवरून. हजारो म्हशींचं मोजलेलं दूध आणि त्यांची अक्षरं शेजारी ठेवली, तरच अंदाज बांधता येतो. ज्या जातीच्या नोंदी नाहीत, तिचा अंदाज कच्चा राहतो. पंढरपुरीच्या नोंदी झाल्या नाहीत, तर निवड मुऱ्ह्याचीच होत राहील.

धार काढतो आपण, त्यामुळे मोजणारे हातही आपलेच हवेत. कानातला बारा आकडी बिल्ला पडला असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन नवीन लावून घ्या. रेतन झालं की रेड्याचा क्रमांक विचारून तारखेसह लिहा. महिन्यातून एक दिवस ठरवून सकाळ-संध्याकाळचं दूध मोजा, रेडकाने प्यायलेलं वेगळं धरा. गटाच्या बैठकीत हप्त्याच्या वहीबरोबर ही वहीही उघडा.

आणि एक सावधगिरी. कुणी "डीएनए तपासलेली म्हैस" म्हणून जास्त भाव सांगितला, तर अहवाल मागा आणि त्यावरचा क्रमांक बिल्ल्याशी ताडून पाहा. चांगला अहवाल आला तरी दूध चाऱ्यापाण्यावर, लसीवर आणि गोठ्याच्या स्वच्छतेवर ठरतं. चांगल्या वंशाची म्हैसही उपाशी ठेवली तर आटतेच.

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या म्हशीच्या बिल्ल्याचा क्रमांक लिहून आणा. सुरुवात तिथूनच करू.