काच वर का जात नाही? पॉवर विंडोचा विजेचा दोष शोधण्याची रीत

आजचा विषय छोटा आहे, पण खिशाला लागणारा आहे. बटण दाबूनही गाडीची काच हलत नाही, म्हणजे मोटर गेली, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा गॅरेजमध्येही तेच सांगितलं जातं. मोटर बदलली जाते, पैसे दिले जातात, आणि काच मात्र होती तिथेच. कारण दोष मोटरमध्ये नव्हताच. तो दुसऱ्याच दारातल्या स्विचमध्ये होता, किंवा बिजागरीजवळ तुटलेल्या एका वायरीत. भाग बदलणं म्हणजे दोष शोधणं नव्हे, एवढी एक गोष्ट आज घरी घेऊन जा.

आधी वीज कुठून कुठे जाते ते बघू. बॅटरीतून निघालेली वीज फ्यूजमधून, मग बहुतेक गाड्यांत रिलेमधून, पुढे स्विचमध्ये आणि तिथून दारातल्या मोटरपर्यंत जाते. ही मोटर डीसी आहे, तिला दोनच वायरी. एका वायरीला बारा व्होल्ट आणि दुसरीला अर्थ दिला की काच वर जाते. उलट दिलं की खाली येते. म्हणजे मोटरला कायमची अर्थ वायर नसते. बटण दाबलेलं नसताना दोन्ही वायरी स्विचमधून अर्थलाच जोडलेल्या असतात. आपण बटण दाबतो तेव्हा त्यातली एक अर्थवरून उचलून बारा व्होल्टवर टाकली जाते. दुसरी जिथल्या तिथे राहते आणि तीच विजेची परतीची वाट होते.

आता यातली गंमत बघा. साध्या वायरिंगच्या गाड्यांत डाव्या दाराची परतीची वाट डाव्या दारात संपत नाही. ती चालकाच्या दारातल्या मुख्य स्विचपर्यंत येते आणि तिथे अर्थला मिळते. म्हणून डावं बटण अगदी नवं असलं, तरी उजव्या दारातला स्विच खराब असेल तर डावी काच अडते. लोक डावं दार खोलून बसतात, आणि आजार उजव्या दारात!

आता तपासणी. फुकटातल्या गोष्टी आधी.

पहिला प्रश्न: किती काचा बंद आहेत? चारही बंद असतील तर दार खोलू नका. फ्यूज, रिले, मुख्य स्विचला येणारी वीज आणि त्याची अर्थ, एवढंच बघा. फक्त चालकाशिवायच्या तीन बंद असतील, तर आधी काचा लॉक करायचं बटण चुकून दाबलं गेलंय का ते पाहा. हसू नका, लहान मुलं घरात असली की हे सर्रास होतं. एकच काच बंद असेल तर ती दोन्ही बटणांवरून, दोन्ही दिशांना चालवून बघा आणि कागदावर लिहून ठेवा.

दुसरं, कान आणि डोळे वापरा. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा, आतला दिवा लावा आणि बटण दाबा. दिवा किंचित मंद झाला पण काच हलली नाही, तर मोटरपर्यंत वीज पोहोचते आहे. काच रबरात अडकली असेल किंवा मोटर जाम झाली असेल. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच ढिम्म, तर काचेची मशीन तुटली आहे, विजेचा संबंधच नाही. दिवाही मंद होत नाही आणि आवाजही नाही, तर वाट कुठेतरी तुटली आहे.

तिसरं, बटण दाबून धरा आणि दुसऱ्या कोणाला दार हळूहळू उघडायला-मिटायला सांगा. मध्येच काच हलली, तर दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत वायर तुटलेली आहे. दार रोज उघडतं-मिटतं, तिथेच तांब्याच्या तारा वाकून वाकून तुटतात. वरचं प्लास्टिक मात्र शाबूत दिसतं. तसंच बटण दाबून दाराच्या पॅडवर मोटरच्या जागी हलकी थाप मारल्यावर काच चालू झाली, तर मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असण्याची शक्यता मोठी.

एवढ्याने उलगडलं नाही तरच दाराचं पॅड काढायचं. मोटरचा कनेक्टर लावलेलाच ठेवा आणि मागच्या बाजूने मल्टीमीटरची सुई टेकवा. काळी सुई गाडीच्या चांगल्या अर्थला, लाल सुई एकेका वायरीला. बटण ‘वर’ दाबून ठेवलं की तीनपैकी एक चित्र दिसेल.

एका वायरीवर बारा आणि दुसरीवर शून्य असेल, आणि मोटर गप्प असेल, तर वीज येते आहे, जाते आहे. दोष मोटरचा किंवा जाम झालेल्या काचेचा. दोन्हीवर शून्य असेल तर येणारी वाटच तुटली आहे. आणि दोन्हीवर बारा असेल तर? पुष्कळ जण इथे गोंधळतात. वीज मोटरमधून पलीकडे पोहोचली, पण तिला परतायला जागा नाही, म्हणून दोन्हीकडे बाराच दिसतात. अशा वेळी मोटर निर्दोष धरा आणि परतीची वाट शोधा.

एक नेहमीचं उदाहरण घ्या. डावी काच दोन्ही बटणांवरून खाली येते, पण कुठल्याच बटणाने वर जात नाही. मीटरवर ‘वर’ दाबताना दोन्ही वायरींवर बारा. खाली येताना मोटर फिरते आहे, म्हणजे मोटर ठीक. दोन्ही बटणांवरून ‘खाली’ चालतं, म्हणजे दोन्ही वायरीही शाबूत. ‘वर’साठी लागणारी अर्थ तेवढी मिळत नाही, आणि ती मिळते चालकाच्या मुख्य स्विचमध्ये. तिथला एक संपर्क जळलेला किंवा काळा पडलेला आहे. मोटर न बदलता निदान झालं.

एक सावधगिरी. कनेक्टर काढून नुसती वायर मोजू नका. समजा वायरीत अर्धा ओहम रोध आला आहे. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, म्हणून तो बारा व्होल्ट दाखवेल. पण मोटर आठ अँपिअर मागायला लागली की आठ गुणिले अर्धा, म्हणजे चार व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. म्हणून मोजमाप नेहमी मोटर जोडलेली आणि बटण दाबलेलं असताना.

श्रोत्यांतून एका ताईंचा प्रश्न आला आहे: फ्यूज सारखा उडतो, मोठा टाकला तर चालेल का? अजिबात नाही. फ्यूज हा वायरीचं रक्षण करायला असतो. मोठा फ्यूज टाकला की फ्यूजऐवजी दारातली वायर तापेल, आणि आग लागू शकते. फ्यूज का उडतो ते शोधा. बहुतेकदा त्याच रबरी नळीत वायर सोलून पत्र्याला लागलेली असते.

दुसरा प्रश्न: नव्या गाड्यांना हे लागू पडतं का? अर्धवट. त्यांत बटण फक्त संदेश पाठवतं आणि मोटर कंट्रोल युनिट चालवतं. मोटरच्या दोन वायरींचं गणित तेच, पण बटणाच्या बारीक वायरींना टेस्ट लॅम्प लावू नका. तिथे स्कॅनरच हवा. दारात एअरबॅगचे पिवळे कनेक्टर दिसले तर त्यांनाही हात लावू नका.

आणि तपासताना काचेच्या वाटेत बोटं नकोत, मुलांना गाडीबाहेर ठेवा. अडकलेली काच अचानक सुटते तेव्हा ती कोणाला सांगून सुटत नाही.

पुढच्या वेळी गॅरेजमध्ये कोणी “मोटर गेली” म्हणालं, तर शांतपणे एवढंच विचारा: “बटण दाबल्यावर मोटरच्या दोन्ही वायरींवर किती व्होल्ट आले?” उत्तर मिळालं तर खुशाल काम द्या.