टाकाऊ की घातक? कायदा काय म्हणतो

ढोकी, रांजणी, केशेगाव… धाराशिव जिल्ह्यातील साखर कारखान्यांतून साखरेखेरीज बरेच काही बाहेर पडते. प्रत्येकाला नियम वेगळा.

मूळ नियम : घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, 2016. आधार : पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986.

उपउत्पादन : मुख्य माल बनवताना आपोआप तयार होणारा आणि आहे तसा वापरला जाणारा पदार्थ. उदा. बॉयलरमध्ये जाळले जाणारे बगॅस.

कचरा : जो उत्पादन नाही, उपउत्पादनही नाही आणि ज्याचा निर्माण करणाऱ्याला पुढे उपयोग नाही, असा पदार्थ.

घातक ठरवण्याच्या याद्या : अनुसूची 1 प्रक्रियेनुसार, अनुसूची 2 घातक घटकांच्या प्रमाणानुसार.

यंत्रांचे वापरलेले तेल : अनुसूची 1 मध्ये समाविष्ट. साठवण साधारणपणे 90 दिवसांपर्यंत.

आसवनीचे सांडपाणी (स्पेंट वॉश) : या नियमांच्या कक्षेबाहेर, जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1974 लागू.

चिमणीचा धूर : हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1981.

घातक कचऱ्याचा पुनर्वापर : नियम 9 नुसार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आवश्यक.

प्राधिकरण : महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ.