अली दाईंच्या पत्नी-मुलीचा गुन्हा कोणता?

२६ डिसेंबर २०२२. तेहरानहून दुबईला निघालेले महान एअरचे विमान वाटेतच इराणच्या किश बेटावर उतरविण्यात आले. इंजिनात बिघाड नव्हता, हवामानही खराब नव्हते. विमानातील एका स्त्रीला व तिच्या मुलीला खाली उतरवायचे होते. त्यांचा गुन्हा कोणता? एक अली दाई यांची पत्नी होती, दुसरी त्यांची लेक. एवढेच.

कोण हे अली दाई? आपल्याकडे क्रिकेटचे आकडे पोराबाळांना तोंडपाठ असतात. म्हणून फुटबॉलमधील या माणसाची ओळख करून देणे भाग आहे. इराणच्या वायव्येकडील अर्दबील शहरात १९६९ साली त्यांचा जन्म झाला. तिथे घराघरांत फारसी नव्हे, तर अझेरी तुर्की बोलली जाते. इराणमध्ये ज्या शरीफ विद्यापीठात प्रवेश मिळविणे अत्यंत कठीण समजले जाते, तिथे त्यांनी धातुशास्त्राचे अभियांत्रिकी शिक्षण घेतले. खेळणाऱ्याला शिक्षण जमत नाही, ही सबब त्यांनी स्वतःच्या जगण्यातून खोटी ठरविली.

१९९३ साली ते इराणच्या संघात आले आणि २००६ पर्यंत खेळले. डिसेंबर १९९६ मध्ये आशिया चषकाच्या उपउपान्त्य सामन्यात इराणने बलाढ्य दक्षिण कोरियाला ६-२ असे हरविले, त्यात चार गोल एकट्या दाईंचे होते. पुढे ते जर्मनीत बिलेफेल्ड, बायर्न म्युनिक व हेर्टा बर्लिन या संघांकडून खेळले. सप्टेंबर १९९९ मध्ये हेर्टाने इंग्लंडच्या चेल्सीला २-१ असे नमविले, तेव्हा दोन्ही गोल त्यांचेच होते. त्याच वर्षी ते आशियातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. २००३ मध्ये त्यांनी हंगेरीच्या पुश्काश यांचा ८४ गोलांचा विक्रम मागे टाकला. २००४ मध्ये लाओसविरुद्ध देशासाठी शंभर गोलांचा टप्पा ओलांडला. असे करणारे ते जगातील पहिले पुरुष खेळाडू.

काही जण म्हणतात, दुबळ्या संघांविरुद्ध गोलांचा ढीग रचला. दुबळे संघ त्यांच्या वाट्याला आले हे खरेच आहे, पण कोरिया आणि चेल्सी हे दुबळे संघ होते काय? २००६ च्या विश्वचषकात सदतिसाव्या वर्षीही कर्णधारपद व जागा सोडली नाही म्हणून त्यांच्यावर मायदेशात टीका झाली, ती मात्र अगदीच निराधार नव्हती. २००९ मध्ये प्रशिक्षक असताना तेहरानमध्ये सौदी अरेबियाकडून संघ हरला आणि त्यांना पदावरून दूर करण्यात आले. आम्ही येथे देव्हारा मांडायला बसलेलो नाही. माणसाची उंची त्याच्या चुका झाकून मोजायची नसते.

ती उंची दिसली सप्टेंबर २०२२ मध्ये. हिजाबच्या नियमावरून पोलिसांनी ताब्यात घेतलेली २२ वर्षांची कुर्द तरुणी महसा अमिनी मरण पावली आणि इराणच्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. दाईंनी राज्यकर्त्यांना जाहीरपणे बजावले की दडपशाही व अटकसत्र थांबवा, लोकांना दंगलखोर म्हणू नका, त्यांचे प्रश्न सोडवा. पैसा, प्रसिद्धी, मानमरातब सारे काही असलेल्या माणसाला गप्प बसणे किती सोपे होते! ते गप्प बसले नाहीत. परदेशातून परतताच त्यांचे पारपत्र जप्त झाले, ते काही दिवसांनी परत मिळाले. कतारच्या विश्वचषकाचे निमंत्रण त्यांनी नाकारले, देशवासीयांसोबत राहणे पसंत केले. डिसेंबरमध्ये संपाची हाक दिली गेली, तेव्हा तेहरानमधील त्यांच्या दागिन्यांच्या दुकानाला व उपाहारगृहाला सील ठोकण्यात आले. आणि मग ते विमान!

आम्ही वकिली करतो, म्हणून हा मुद्दा आम्हास अधिक डाचतो. सरकारी वृत्तसंस्थेने खुलासा केला की, देश सोडण्यापूर्वी कळविण्याचे दाईंच्या पत्नीने कबूल केले होते. त्यावर दाईंचा सवाल साधा होता. प्रवासबंदी होती, तर विमानतळावर पारपत्र तपासणाऱ्या पोलिसांनीच का अडविले नाही? उलटतपासणीत या एका प्रश्नावर सरकारी बाजूचा साक्षीदार निरुत्तर झाला असता. बंदी कागदावर असती तर ती खिडकीवरच दिसली असती. उडालेले विमान खाली आणण्यामागे कायद्याच्या अंमलापेक्षा दहशत बसविण्याचाच हेतू दिसतो. ज्याचा गुन्हा त्यालाच शिक्षा, तीही आरोप सांगून आणि बाजू ऐकून, हा न्यायाचा पहिला धडा आहे. बापाच्या बोलण्याची किंमत लेकीकडून वसूल करणारी सत्ता कायद्याचे राज्य कशी म्हणवून घेणार?

दाईंचा १०९ गोलांचा विक्रम तोवर गेलेला होता. १ सप्टेंबर २०२१ रोजी पोर्तुगालच्या रोनाल्डोने तो मोडला. रोनाल्डोने बरोबरी साधली तेव्हाच दाईंनी मोठ्या मनाने त्याचे अभिनंदन केले होते. पुढे मेस्सीही त्यांच्या पुढे गेला. विक्रम मोडण्यासाठीच असतात. पण ज्या दिवशी बोलण्याची किंमत दुकान, पारपत्र आणि लेकीचा प्रवास अशी होती, त्या दिवशी अली दाई बोलले. ही नोंद कोणत्याही सत्तेला खोडता येणार नाही. आपल्या आवडत्या खेळाडूंचे गोल आणि धावा मोजणाऱ्यांनी, ते कधी कोणासाठी बोलले, हेही एकदा मोजून पाहावे.