रूट कॅनल नीट झालंय हे कसं कळतं? एक्स-रे, सीबीसीटी आणि मायक्रो-सीटी

रूट कॅनल झालं, कॅप बसली, दुखणंही थांबलं. म्हणजे दात बरा झाला असं आपण धरून चालतो. पण दाताच्या मुळाच्या टोकाशी असलेला जंतुसंसर्ग कित्येकदा काहीही न दुखता वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. उलट, संसर्ग पूर्ण गेलेला असतानाही एखादी दाढ चावताना थोडे दिवस ठणकते. त्यामुळे फक्त दुखण्यावरून निकाल लावता येत नाही आणि आत डोकावून बघावं लागतं. कशाने बघायचं, हा आजच्या लेखाचा विषय. मी स्वतः डेंटिस्ट नाही, विज्ञान शाखेची संशोधक विद्यार्थिनी आहे. म्हणून उपचाराचा सल्ला न देता, ही चित्रं कशी तयार होतात आणि त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा, एवढंच सांगते.

नेमकं काय बघायचं असतं?

रूट कॅनलमध्ये मुळातली बारीक नळी साफ करून तिच्यात गटापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ भरतात. त्यानंतर चित्रात मुख्यतः तीन गोष्टी तपासतात. पहिली, भराव टोकापर्यंत पोचलाय का. तो टोकाच्या आत, पण साधारण 2 मिलीमीटरपेक्षा जास्त अलीकडे थांबलेला नको. दुसरी, एखादी नळी सुटली तर नाही ना. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, पण नळ्या बऱ्याचदा चार असतात आणि ती चौथी हमखास चकवा देते. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, टोकाभोवतीचं हाड. संसर्ग असेल तर तिथलं हाड झिजतं आणि चित्रात काळा डाग दिसतो. उपचार लागू पडला की हाड पुन्हा भरून येतं. पण याला वेळ लागतो. म्हणूनच युरोपीय एंडोडोंटिक संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की उपचारानंतर किमान 1 वर्षाने तपासणी करावी आणि डाग पूर्ण गेला नसेल तर 4 वर्षांपर्यंत लक्ष ठेवावं.

साधा एक्स-रे: शेवटी सावलीच

राँटगेनने 1895 च्या अखेरीस क्ष-किरण शोधले आणि 1896 च्या जानेवारीतच जर्मनीतल्या ओटो वाल्खोफ या डेंटिस्टने स्वतःच्या दातांचा फोटो काढला. त्यासाठी त्याने तब्बल 25 मिनिटं किरण घेतले! आज तेच काम सेकंदाच्या छोट्याशा भागात होतं. पण तत्त्व बदललेलं नाही. एक्स-रे म्हणजे सावली.

संध्याकाळी माडांच्या रांगेची सावली बघा. एकामागे एक उभे असलेले दोन माड सावलीत एकच दिसतात. दाढेची दोन मुळं, दोन नळ्या एकामागे एक असल्या की एक्स-रेत हेच होतं. डॉक्टर कधीकधी यंत्र थोडं तिरकं करून दुसरा फोटो घेतात, तो या एकावर एक पडलेल्या सावल्या वेगळ्या करण्यासाठी.

हाडाच्या बाबतीत अडचण आणखी मोठी आहे. जबड्याचं हाड बाहेरून टणक आणि आतून जाळीदार असतं. 1961 मध्ये बेंडर आणि सेल्त्झर यांनी मृतांच्या जबड्यांत मुद्दाम खड्डे करून एक्स-रे काढले. खड्डा फक्त जाळीदार भागात असेल तर तो दिसायचाच नाही, टणक थराला धक्का लागला की मगच दिसायचा. म्हणजे एक्स-रे साफ आहे याचा अर्थ हाड साफ आहे असा होत नाही.

शिवाय चित्र वाचणारी माणसंच असतात. 1972 मध्ये गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी सहा जणांना रूट कॅनल झालेल्या 253 दातांचे एक्स-रे दाखवले आणि उपचार यशस्वी की अयशस्वी ते विचारलं. सहाही जणांचं एकमत निम्म्याहून कमी दातांबद्दल झालं. हा गोंधळ कमी व्हावा म्हणून 1986 मध्ये ओर्स्टाविक आणि सहकाऱ्यांनी 1 ते 5 अशी श्रेणी बसवली. 1 म्हणजे निरोगी हाड, 5 म्हणजे मोठा, पसरत चाललेला डाग. नमुन्याचे फोटो समोर ठेवून तुलना करायची. ही पद्धत आजही संशोधनात सर्रास वापरतात.

सीबीसीटी: दाताभोवती फिरून बघणं

सावल्यांचा गुंता सोडवायचा तर सगळ्या बाजूंनी सावल्या घ्यायच्या. सीबीसीटीमध्ये शंकूच्या आकाराचा किरणांचा झोत डोक्याभोवती फिरतो, काही सेकंदांत शेकडो चित्रं घेतली जातात आणि संगणक त्यावरून त्रिमित रचना उभी करतो. या गणितासाठी आजही ज्याचा आधार घेतला जातो ती फेल्डकांप, डेव्हिस आणि क्रेस यांची पद्धत 1984 ची. दंतवैद्यकासाठीची यंत्रं 1990 च्या दशकाच्या शेवटी इटली आणि जपानमध्ये आली.

फोटोत जसे पिक्सेल तसे इथे छोटे घन असतात, त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. एका घनाची बाजू साधारण 0.08 ते 0.4 मिलीमीटर. आता दाढ कापल्यासारखी हव्या त्या दिशेने बघता येते. सुटलेली चौथी नळी, एकामागे दडलेलं मूळ, जाळीदार हाडातला खड्डा, हे सगळं एक्स-रेपेक्षा कितीतरी चांगलं दिसतं.

मग सगळ्यांचीच सीबीसीटी का करू नये? याची दोन कारणं आहेत.

पहिलं, किरणांची मात्रा. दातांच्या एका छोट्या एक्स-रेत साधारण काही मायक्रोसिव्हर्ट इतकीच मात्रा मिळते. निसर्गातून जगात सरासरी वर्षाला 2.4 मिलीसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्टच्या आसपास, आपल्याला मिळतच असते. तेव्हा एक एक्स-रे म्हणजे फार तर एखाद्या दिवसाचा हिशोब. सीबीसीटीत यंत्र, सेटिंग आणि किती भाग घेतला यावर ही मात्रा काही दहा ते काही शे मायक्रोसिव्हर्ट होऊ शकते. घाबरण्यासारखा आकडा नाही, पण फुकटचा घ्यावा असाही नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं.

दुसरं कारण कमी लोकांना ठाऊक असतं. गटापर्चा, धातूची कॅप, मुळात बसवलेला पोस्ट, हे सगळे किरण अडवणारे पदार्थ. त्यांच्या भोवती चित्रात काळे-पांढरे पट्टे उमटतात. असा काळा पट्टा मुळावर पडला की हुबेहूब चिरेसारखा दिसतो. गंमत म्हणजे ज्या दाताचं रूट कॅनल झालंय त्याच्याच तपासणीसाठी आपण हे यंत्र वापरतोय, आणि नेमका त्याच दातात गोंधळ घालणारा पदार्थ भरलेला आहे! त्यात पेशंटने आवंढा गिळला किंवा मान जरा हलवली की चित्र आणखी धूसर.

खरं उत्तर कुठून आणायचं?

एक्स-रे म्हणतो डाग नाही, सीबीसीटी म्हणते आहे. बरोबर कोण? हे ठरवायला तिसरा पंच लागतो. तो म्हणजे टोकाजवळच्या हाडाचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली सूज आहे का ते बघणं. जिवंत माणसाच्या चांगल्या जबड्याचा काप कोणी घेणार नाही, म्हणून असे अभ्यास प्राण्यांवर किंवा मृत्यूनंतर मिळालेल्या जबड्यांवर होतात. 2009 मध्ये दि पाउला-सिल्वा आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या दातांवर केलेल्या अभ्यासात 83 मुळं तपासली. सूक्ष्मदर्शकाखाली 93 टक्के मुळांशी सूज सापडली. सीबीसीटीत 84 टक्के, एक्स-रेत 71 टक्के. म्हणजे सीबीसीटी सरस, पण तिच्याही हातून काही सुटलंच.

पण जास्त पकडणं म्हणजे जास्त बरोबर असणं नव्हे. हे एका हिशोबाने दाखवते. आकडे मी समजण्यासाठी धरलेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत.

समजा काहीही त्रास नसलेले, रूट कॅनल झालेले 200 दात आहेत. त्यातल्या 20 दातांत खरोखर संसर्ग आहे, 180 ठीक आहेत. एक्स-रे 20 पैकी 10 पकडतो आणि 180 पैकी 9 दातांवर उगाच संशय घेतो. सीबीसीटी 20 पैकी 18 पकडते, पण पट्ट्यांमुळे आणि भरून येत असलेल्या हाडामुळे 180 पैकी 27 दातांवर उगाच बोट ठेवते. एक्स-रेने 19 दात संशयित ठरवले, त्यातले 10 खरे. सीबीसीटीने 45 ठरवले, त्यातले 18 खरे. म्हणजे सीबीसीटीने दाखवलेल्या दर पाच डागांपैकी तीन चुकीचे!

आता तेच यंत्र, तोच डॉक्टर, पण दात दुखणाऱ्या, सूज असलेल्या 200 लोकांचे. त्यातले 100 खरोखर संसर्गाचे. त्याच प्रमाणात सीबीसीटी 90 बरोबर पकडेल आणि 15 ठिकाणी चुकेल. इथे तिच्या डागावर बिनधास्त विश्वास ठेवावा. यंत्र तेच, फक्त आपण ते कुणावर वापरतोय ते बदललं.

म्हणूनच अमेरिकेतल्या एंडोडोंटिस्ट आणि तोंडाच्या रेडिओलॉजीच्या तज्ज्ञांच्या संघटनांनी 2015 च्या संयुक्त निवेदनात सांगितलंय की काही लक्षणं नसतील तर उपचारानंतरच्या तपासणीसाठी साधा एक्स-रेच वापरावा. सीबीसीटी ठेवावी ती लक्षणं आहेत पण कारण सापडत नाही, पुन्हा रूट कॅनल किंवा शस्त्रक्रिया करायचीय, अशा वेळी. तीसुद्धा फक्त त्या दातापुरती, छोट्या भागाची.

हा मुद्दा फक्त कागदावरचा नाही. चुकीच्या डागामुळे चांगली कॅप फोडली जाते, पुन्हा रूट कॅनल होतं, कधी दात काढलाही जातो. आणि खरा डाग सुटला तर आतल्या आत हाड झिजत राहतं. दोन्हीची किंमत पेशंटच मोजतो.

आणि मायक्रो-सीटी?

ही प्रयोगशाळेतली मंडळी. यात घनाची बाजू 0.01–0.02 मिलीमीटरपर्यंत खाली येते. पण एका दाताला अर्धा-एक तास, कधी त्याहून जास्त लागतो आणि किरणांची मात्रा प्रचंड, त्यामुळे फक्त काढलेले दातच तपासता येतात. मग उपयोग काय? उपचाराआधी आणि नंतर तोच दात स्कॅन करून दोन्ही चित्रं एकावर एक ठेवता येतात. पीटर्स आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये वरच्या दाढांवर हे केलं, तेव्हा कुठल्याही पद्धतीची फाइल वापरली तरी नळीच्या भिंतीचा 35 टक्के किंवा त्याहून जास्त भाग तिने घासलाच नव्हता असं दिसलं. डॉक्टर उपचार करताना सोडियम हायपोक्लोराइटने नळी पुन्हा पुन्हा का धुतात, याचं उत्तर इथे आहे. फाइल पोचत नाही तिथे द्रव पोचायला हवा. साध्या एक्स-रेत हाच दात अगदी सुबक, पांढराशुभ्र भरलेला दिसतो.

तुमच्या कामाचं

जुना एक्स-रे जपून ठेवा. एकटा डाग फारसं सांगत नाही, सहा महिन्यांपूर्वीपेक्षा तो लहान झाला की मोठा, हे सांगतं. उपचार होऊन दोन-तीनच महिने झाले असतील आणि डाग दिसला, तर तो भरून येत असण्याची शक्यता असते, लगेच धसका घेऊ नका. कोणी सीबीसीटी सांगितली तर शांतपणे दोन प्रश्न विचारा: "यातून जे दिसेल त्याने उपचार बदलणार आहे का?" आणि "फक्त याच भागाची काढता येईल का?" चांगला डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाही. आणि त्रास नाही म्हणून वर्षाची तपासणी मात्र चुकवू नका.

पुढच्या लेखात संगणकाला हे डाग ओळखायला कसं शिकवतात ते बघू.