माहिती चौकट: एकदा लावा, वर्षानुवर्षे फुले

- वर्षायू: झेंडू, झिनिया, एका हंगामात संपतात.
- बहुवर्षायू: जास्वंद, मोगरा, गुलाब, अनंत. शेवंतीही यातलीच, हे अनेकदा विसरले जाते. बहर ओसरल्यावर मुळाशी फुटणाऱ्या काश्या वेगळ्या करून लावतात.
- गुलाब: पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात छाटणी. फुले साधारण 45 दिवसांनी. कलमाच्या जोडाखाली आलेली फूट खुंटाची असते; ती लगेच काढावी.
- मोगरा: हिवाळ्यात पाणी तोडून छाटणी; बहर मार्च ते जून.
- जास्वंद: रोज 5-6 तास ऊन. पिठ्या ढेकणावर 5 टक्के निंबोळी अर्क.
- कुंडी: तळाला छिद्र हवेच, नाहीतर जून ते सप्टेंबर पाणी साचून मुळे कुजतात.
- मावळात (पुणे जिल्हा): तळेगाव दाभाडे येथे एमआयडीसीचे फ्लोरिकल्चर पार्क आहे. मावळातला गुलाब परदेशी जातो.