जैनदची पद्मावती, एक पडकी गढी आणि माहूरचा किल्ला

गेल्या माघात आमच्या मंडळाचे सहा जण एका जीपमधून निघालो. सकाळी जैनद, दुपारी एक गढी, संध्याकाळपर्यंत माहूर असा बेत होता. त्या फेरीबद्दल पुढच्या बैठकीत मी थोडे बोललो, तर काहींनी लिहून द्या म्हटले. म्हणून हा लेख. देवळे, गढ्या, किल्ले पाहायला आपण जातोच. पण तिथे नेमके काय पाहावे आणि पाटीवरचे किती खरे मानावे, हे सांगण्याचा हेतू आहे.

जैनद आदिलाबादहून वीस-एकवीस किलोमीटर. मंदिर लक्ष्मीनारायणाचे, कार्तिकात उत्सव भरतो, तेव्हा पैनगंगेपल्याडचीही माणसे येतात. पर्यटनाच्या पत्रकांत या मंदिराविषयी तीन वाक्ये ठरलेली असतात: इथे वीस श्लोकांचा प्राकृत शिलालेख आहे, मंदिर कुणा पल्लव सरदाराने बांधले, आणि बांधणी जैन पद्धतीची म्हणून गावाचे नाव जैनथ. मी स्वतः शाळेतल्या पोरांना कित्येक वर्षे हेच सांगत आलो, हे कबूल करतो. मग एकदा 'एपिग्राफिया इंडिका'च्या जुन्या खंडात जैनदच्या लेखाचे वाचन हाती लागले आणि लाज वाटली.

लेख प्राकृत नाही, संस्कृत आहे, आणि पल्लवांचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्यात राजा आहे तो जगद्देव, माळव्याच्या परमार घराण्यातला. उदयादित्याचा मुलगा आणि धारच्या प्रसिद्ध भोजाचा पुतण्या. त्याच्या पराक्रमाची यादी मोठी आहे: आंध्रच्या राजाला नमवले, बस्तरकडच्या चक्रदुर्गाच्या राजाला हरवले, होयसळांच्या दोरसमुद्रापर्यंत धडक मारली, अबूच्या बाजूला गुर्जरांना मारले. प्रशस्तीत थोडे वाढवून लिहायची रीतच असते, तेव्हा हे सगळे अक्षरशः घ्यायचे कारण नाही. पण ही यादी म्हणजे लेखाची प्रस्तावना झाली. खरा मजकूर पुढे आहे. जगद्देवाच्या पदरी दाहिमा कुळातला लोलार्क नावाचा माणूस होता. त्याची बायको पद्मावती, तिने निंबादित्याचे म्हणजे सूर्याचे देऊळ बांधले, हे सांगण्यासाठी लेख कोरला आहे.

म्हणजे लढाया राजाच्या, पण दगड पद्मावतीचा. आणि आपण आठ-नऊशे वर्षांनी तिचे नाव पुसून 'पल्लव सरदार' लिहून बसलो. मुद्दाम कुणी केले असेल असे नाही. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरवले, तिसऱ्याने पाटी रंगवली. आता मोबाईलवर शोधले तरी तेच वाक्य दहा ठिकाणी दिसते, म्हणून लोकांना ते खरे वाटते.

आणखी एक गंमत. लोलार्क हेही सूर्याचेच नाव. काशीतले लोलार्क कुंड पुष्कळांना माहीत असेल. नवऱ्याचे नाव सूर्याचे, बायकोने बांधलेले देऊळ सूर्याचे. आज गाभाऱ्यात लक्ष्मीनारायण आहेत, आणि तरी वर्षातल्या ठराविक दिवसांत सकाळची उन्हे देवाच्या पायावर पडतात म्हणून लोक पाहायला गर्दी करतात. त्यावरून काही सिद्ध होते असे माझे म्हणणे नाही. पण पद्मावतीचे नाव कळल्यानंतर मी ते पाहिले, तेव्हा अंगावर काटा आला.

आम्ही वाकून दगड पाहत होतो तर फुले विकणाऱ्या एक आजी म्हणाल्या, "कायले खाली वाकून पाह्यता बापू? देव तं अंदर हाय."

"अक्षरं पाहतो आजी. हे देऊळ एका बाईनं बांधलं म्हणून लिहिलंय म्हणे."

"बाईनं?" त्यांनी हातातला हार खाली ठेवला. "मंग नाव काय तिचं?"

नाव सांगितले. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिले आणि शेजारणीला हाक मारली.

शिलालेख पाहण्याविषयी दोन गोष्टी सांगतो, कारण यातच आपल्याकडे जास्त नुकसान होते. अक्षरे ठळक दिसावीत म्हणून कुणी पीठ चोळतात, कुणी खडू, कुणी तेल. काही गावांत भक्तिभावाने दरसाल ऑइलपेंटचा हात दिला जातो. यातले काहीच करू नका. तेलाने धूळ धरते आणि रंगाने अक्षराची खाच बुजते. एकदा बुजली की पुढे वाचणाऱ्याला काही उरत नाही. साधा उपाय म्हणजे तिरपा उजेड. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर जा, नाहीतर टॉर्च दगडाच्या एका बाजूला जवळजवळ चिकटवून धरा. खाचेत सावली पडते आणि समोरून सपाट दिसणाऱ्या दगडावर ओळी उठून येतात. मग फोटो घ्या, वेगवेगळ्या बाजूंनी उजेड टाकून चार-पाच घ्या. कागद ओला करून ठसा घेण्याची पद्धत आहे, पण ते काम जाणत्या माणसाचे आणि परवानगीचे.

आणि 'हेमाडपंती' हा शब्द. चुना न वापरता दगडावर दगड बसवलेले कुठलेही जुने देऊळ आपण हेमाडपंती म्हणतो. बोलताना ठीक आहे, मीही म्हणतो. पण हेमाद्री पंडित देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. जगद्देव त्याच्या आधी दीडशे वर्षे होऊन गेला. निंबादित्याचे देऊळ बांधले गेले तेव्हा हेमाडपंतांचा आजाही जन्मला होता की नाही कोण जाणे.

मुळात माळव्याचा राजपुत्र आमच्या आदिलाबादेत काय करत होता? याचे उत्तर जैनदच्या दगडात मिळत नाही, ते पैनगंगेपलीकडे आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात डोंगरगाव आहे (विचारत जाल तर तालुका जरूर सांगा, डोंगरगावे पुष्कळ आहेत). तिथे जगद्देवाच्या काळचा दुसरा लेख मिळाला, शके १०३४ चा, म्हणजे इ. स. १११२. वा. वि. मिराशींनी तो वाचून प्रसिद्ध केला. त्यात हकिगत अशी: उदयादित्याला आणखी मुलगे असूनही त्याने शिवाची आराधना केली आणि जगद्देव झाला. बाप गेल्यावर राज्यलक्ष्मी त्याच्याकडे चालून आली, पण थोरला असताना धाकट्याने पुढे होणे हे पाप, म्हणून त्याने ती नाकारली. मग तो कुंतलच्या राजाकडे आला. हा राजा म्हणजे कल्याणीचा चालुक्य सहावा विक्रमादित्य. त्याने त्याला आपल्या मुलांमध्ये पहिला मानले. पुढे जगद्देवाने डोंगरगाव श्रीनिवास नावाच्या ब्राह्मणाला दिले, ही त्या लेखातली मूळ बाब.

आता दोन्ही दगड एकत्र ठेवा. माळव्याचा राजपुत्र, कर्नाटकाच्या राजाचा मांडलिक, आणि त्याची खूण पैनगंगेच्या दोन्ही काठांवर. तेव्हा ही नदी हद्द नव्हती. ती हद्द पक्की झाली १९५६ साली, राज्य पुनर्रचनेत. त्याआधी किनवट आणि राजुरा हे तालुके आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. किनवट नांदेडला जोडला गेला. राजुरा आधी नांदेडला आणि १९५९ मध्ये चांद्याला. मग २०१६ मध्ये उरलेल्या जिल्ह्याचेही चार झाले. दर वेळी सरकारी माहितीपुस्तक नव्या हद्दीपुरते छापले जाते, आणि म्हणून जैनदच्या माहितीत डोंगरगाव येत नाही व डोंगरगावच्या माहितीत जैनद. एकाला दुसऱ्याशिवाय अर्थ नाही.

गुजरातेत मात्र जगदेव परमार घरोघर माहीत. तिकडच्या कथांत तो सिद्धराज जयसिंगाच्या चाकरीत असतो आणि दानात स्वतःचे शिर कापून देतो. आमच्याकडे त्याचा खरा दगड आहे, पण गोष्ट नाही.

दुपारची गढी. गावाचे नाव लिहीत नाही, कारण आत अजून कुटुंब राहते आणि उगाच लोक दार वाजवतील. तेलंगणात दोरांची 'गडी' म्हणतात, आपण गढी. शब्द एकच, वास्तू थोडी वेगळी. आमच्या बाजूची गढी म्हणजे उंचवट्यावर पांढऱ्या मातीचे जाड बुरूज, पायाला दगड, वर कुठे कुठे भाजलेल्या विटा, आणि आत सागवानी खांबांचा चौसोपी वाडा. सागवान तर इथल्या रानातलेच. देशमुखाचा सारा, धान्य आणि माणसे यांना पेंढाऱ्यांच्या काळात आसरा हा तिचा उपयोग. किल्ल्यासारखी ती तोफा झेलायला बांधलेली नसते, त्यामुळे बुरूज पाहून 'हा किल्ला कुणी जिंकला' असे विचारू नका. धान्याचे पेव कुठे, विहीर आत की बाहेर, दिंडी दरवाजा केवढा, हे विचारा.

जहागिरी गेल्या, कूळकायदा आला, आणि गढ्या सांभाळायला पैसा उरला नाही. पावसाने बुरूज विरघळतो, पण त्याहून जास्त माणसे नेतात. पांढरी माती घराच्या धाब्यावर घालायला उत्तम, पाणी गळू देत नाही. त्या दिवशी दिसले की एका बुरुजाला अर्ध्यापर्यंत ताजे खोदलेले. घरच्या काकू म्हणाल्या, "नेऊ नका म्हणावं तर म्हणतात, तुमच्या आज्यानं आमच्याच आज्याकडून माती उचलून घेतली होती." याला उत्तर आम्हा सहाजणांपैकी कुणाकडेही नव्हते. वेठीची गोष्ट खरीच आहे.

माहूरला पोचायला पाच वाजले, त्यामुळे किल्ला घाईत झाला. रेणुकेचे दर्शन घेऊन परतणारे पुष्कळ, किल्ल्यात शिरणारे थोडे. तीन बाजूंना पैनगंगा, हत्ती दरवाजा, पायथ्याच्या बाजूला पांडवलेणी. आणि इथल्याच उदाराम देशमुखांच्या घराण्यातली रायबाघन, जी १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाबरोबर मोगलांकडून होती. सगळीकडून कोंडी झाल्यावर महाराजांकडे अभय मागा, हे खानाला सांगणारी तीच. दरवाज्यापाशी तिच्या नावाची पाटी आम्हाला त्या संध्याकाळी तरी दिसली नाही.

जैनदच्या पत्रकातली चूक दुरुस्त व्हावी म्हणून मंडळाने तिन्ही मुद्द्यांचा अर्ज मराठी आणि तेलुगू दोन्हींत तयार केला आहे. लेखाच्या छापील वाचनाची प्रत सोबत जोडली आहे. येत्या बैठकीत सह्या घ्यायच्या आहेत, तेव्हा ज्यांना करायच्या असतील त्यांनी अर्धा तास आधी यावे. ज्यांच्याकडे आजोबा-पणजोबांच्या काळातले गढीचे फोटो किंवा किनवट-राजुऱ्याचे 'जिल्हा आदिलाबाद' असे छापलेले कागद असतील त्यांनी ते आणावेत. मूळ परत मिळतील.