आर-स्टुडिओत कोड नीटनेटका कसा लावायचा?

आर भाषेत ओळीआधीच्या मोकळ्या जागेने कोडचा अर्थ बदलत नाही, पायथनमध्ये बदलतो. तरी आरमध्येही इंडेंटेशन हवंच, कारण कुठली ओळ कुठल्या लूपमधली हे वाचणाऱ्याला त्यावरूनच चटकन कळतं. आणि त्यासाठी स्पेसबार बडवत बसायची गरज नाही!

🔹 कंट्रोल + आय: निवडलेल्या ओळींचं फक्त इंडेंटेशन सुधारतं.
🔹 कंट्रोल + शिफ्ट + ए: निवडलेला कोड नव्याने मांडतं.
🔹 स्टायलर पॅकेज: अख्खी फाइल किंवा फोल्डर टायडीव्हर्सच्या नियमांनी लावतं. इंडेंट 2 स्पेसचा, स्वल्पविरामानंतर एक जागा, व्हेरिएबलला किंमत देताना ‘=’ऐवजी बाणाचं चिन्ह.

मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड दाबा.

गिट वापरत असाल तर फॉरमॅटिंगचा कमिट वेगळाच ठेवा. कोड तपासणाऱ्याला खरे बदल लगेच सापडतात.